तळाला कोणी तरी पाह्यजे

कडूबाला बसता येत नाही, हे मेहकरातल्या त्याच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पाठीचं दुखणं नाही, गुडघ्याचं नाही. बासष्ट वर्षांचा गडी, तब्येत ठणठणीत. पण खुर्चीला टेकला की दोन मिनिटांत पाय वळवळायला लागत. चहा उभ्यानं, पेपर येरझाऱ्या घालत, आणि जेवण म्हणाल तर कोकिळाबाईनं दुसरी पोळी तव्यावर टाकेपर्यंत हा मोरीत हात धुऊन मोकळा.

दोष द्यायचा तर नोकरीला द्यावा. एकतीस वर्षं तो धरणाच्या डाव्या कालव्यावर निरीक्षक होता. आधी सायकल मिळाली, मग त्यानं लुना घेतली, पण खरं काम पायांचंच. कुठं भराव खचला, कुठं बेशरमची झुडपं माजली, कुठं वरच्या शेतकऱ्यानं गुपचूप पाइप टाकून खालच्याचं पाणी ओढलं, हे पाहत रोज बारा-चौदा किलोमीटर चालायचं. नोकरी संपली ती कागदावर, पायांना ते कोण सांगणार? चार वर्षं झाली तरी तो दिवसातून तीनदा बसस्टँडवर जायचा आणि कुठंही जायचं नसताना बीबी गावाची गाडी गेली का म्हणून विचारून परत यायचा. चौकशीच्या खिडकीतला माणूस आता त्याला लांबून पाहिलं की न विचारताच उत्तर द्यायचा.

कोकिळाबाई याच्या बरोबर उलट. हातातलं काम झालं की शांत बसणारी. पुढच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी होती आणि टाकीसमोर दोन खुर्च्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. टाकी यायच्या आधीपासून ती दुसरी खुर्ची कपड्यांचीच होती. नव्या नवरीपणी ती म्हणायची, जरा बसा, एक कप चहा तरी माझ्यासोबत बसून प्या. हा म्हणायचा, आलोच. आणि कालव्यावर जायचा. पुढं तिनं म्हणणं सोडलं.

टाकीत दोन गोल्डफिश होत्या. मूळच्या त्या पुण्याच्या. नातीच्या, छकुलीच्या वाढदिवसाला लेकीनं, म्हणजे काजलनं आणलेल्या. पण नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मासे उपाशी राहायला लागले, तेव्हा कोकिळाबाईनं पाण्याची पिशवी मांडीवर धरून त्या मेहकरात आणल्या. गडद भगवी होती तिचं नाव तिनं झेंडू ठेवलं आणि फिकट पिवळी होती ती शेवंती. दोन वर्षांत दोघी वीतभर झाल्या होत्या. सकाळी ती समोर बसली की दोघी काचेशी येऊन तोंडं उघडायच्या. कडूबाला त्यात पाहण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

मग काजलला दुसऱ्या वेळेला दिवस गेले आणि डिसेंबरात बाळंतपणासाठी कोकिळाबाई पुण्याला निघाली. होळीपर्यंत तरी तिकडंच. जायच्या आदल्या दिवशी लेकीशी फोनवर बोलत होती आणि कडूबा दाराआड चप्पल शोधत उभा होता. काजल वर्षभर एकच धोशा लावून होती, की आता दोघांनी मेहकर सोडावं, इथं खोली रिकामी आहे, लेकरांना आजी मिळेल. ऐकता ऐकता कोकिळाबाईचा आवाज मऊ पडत चालला होता. शेवटी ती म्हणाली, "मी तं येईन वं बाई, पण माह्या मासोळ्यायचं काय? त्यायले कोण पाह्यल?"

काजल हसली असावी. पण विषय तिथंच थांबला. आणि कडूबा चप्पल शोधायची विसरला. बायको परत येईल ती या दोन मासोळ्यांपायी! त्या गेल्या की तिला मेहकरात ठेवणारं काही उरलं नाही. आणि ती पुण्याला म्हणजे हाही पुण्याला. दिवाळीत तो नऊ दिवस राहून आला होता लेकीच्या त्या अकराव्या मजल्यावर. खाली गाड्या ठेवायच्या जागेत इतक्या चकरा मारल्या, की चौथ्या दिवशी पहारेकऱ्यानं कौनसे फ्लॅट के हो म्हणून अडवला. तिथं कायमचं राहायचं म्हणजे फिरायचं कुठं? नवरा इथं आहे हे कारण तिनं लेकीला सांगितलं नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यानं बाजूला सारलं असेल.

निघताना कोकिळाबाईनं सगळं समजावून दिलं. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे. रविवारी एक बादली पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं एक बादली घालायचं. या मासोळ्या थंड पाण्यातल्या, त्यांना हिवाळा सोसतो, ऊन पाणी सोसत नाही. आणि बसमध्ये चढता चढता म्हणाली, "बाकी काही करू नोका. नुसतं बसून पाह्यत जा त्यायच्याकडं."

आता याला नुसतं बसायला सांगणं म्हणजे झालंच की!

पहिले चार दिवस त्यानं कसेबसे काढले. पाचव्या दिवशी त्याला टाकीच्या तळाला घाण दिसली. रंगीत खड्यांमध्ये न खाल्लेले दाणे आणि मासोळ्यांची विष्ठा. कालवा असता तर गाळ काढला असता. त्यानं तेच केलं. खडे काढून नळाखाली घासले, काच घासली, पाणी साफ करणाऱ्या यंत्रातला स्पंज पिळून पिळून धुतला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ. म्हणून पुन्हा घासलं. झेंडू आणि शेवंती एका कोपऱ्यात जाऊन कल्ले हलवत राहिल्या आणि याचा जीव खालीवर व्हायला लागला.

तेव्हा त्याला गावाकडची, जानेफळची विहीर आठवली. बापानं विहीर खोदली, पाणी लागलं, तेव्हा नारळ फोडल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर नदीतून एक जिवंत मासा आणून आत सोडला. तळाला कोणी तरी पाह्यजे, म्हणायचा बाप, नाही तर पाणी मरते. तो मासा काय पडेल ते खायचा, पाणी नितळ राहायचं, आणि त्याला कोणी कधी मूठभर खाणं टाकलं नाही. कडूबानं टाकीकडं पाहिलं. दोघी मासोळ्या वर आणि मध्ये फिरतात, तळ मोकळा. बरोबर! हीच तर गोम. चप्पल पायात घालून तो तडक गोकुळच्या दुकानी.

गोकुळचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला. पुढं मोबाइलची कव्हरं, मागं माशांच्या टाक्या. चाळिशीतला माणूस, धंद्यात असूनही खरं बोलायची खोड. कडूबानं तळाला राहणारा मासा मागितला, तसं त्यानं काळसर, काचेला तोंड लावून चिकटलेला एक मासा दाखवला. याला सगळे सकर म्हणतात, बोटाएवढा आहे, काच चाटतो, लोक नेतात. पण दोन गोष्टी सांगून ठेवतो, म्हणाला. हा ऊन पाण्यातला, हिवाळ्यात हीटर लागेल. आणि काचेवरच्या शेवाळावर याचं भागत नाही, या गोळ्या रोज संध्याकाळी टाकाव्या लागतील, नाही तर भुकेनं भलतंच करील.

पहिली गोष्ट कडूबानं ऐकली. दुसरी ऐकून त्याला हसू आलं. गोळ्यांची डबी त्यानं परत सरकवली.

"विहिरीतल्या माशाले कोण गोळ्या टाकते बे?" तो म्हणाला.

गोकुळनं दोनदा सांगून पाहिलं. मग खांदे उडवले आणि पिशवीला रबर लावलं.

पुढचे दहा दिवस त्या घरात धड कोणीच सुखी नव्हतं. हीटर लावला की झेंडू आणि शेवंती पाण्याच्या वर येऊन हवा गिळायच्या. हीटर काढला की सकर कोपऱ्यात दगड होऊन बसायचा. कडूबा सकाळी हीटर लावी, दुपारी काढी, बसस्टँडवर चक्कर मारून येऊन पुन्हा लावी. एकाला ऊन पाणी पाहिजे, दुसरीला थंड. दोघांचाही काही गुन्हा नाही, पण पाणी एकच. हे त्याला दिसत होतं आणि तरी तो हीटरचं बटण दाबतच राहिला. मधल्या वेळात काच घासणं चालूच. शेवाळाचा एक ठिपका त्यानं टाकीत ठेवला नाही. सकरनं खायचं काय, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दाणे टाकायला गेला तर झेंडू एकटीच वर आली. शेवंती तळाशी, कलंडलेली. आणि तिच्या कुशीला तोंड लावून तो सकर चिकटलेला.

कडूबानं बाही न सारता कोपरापर्यंत हात घातला आणि त्याला ओढून काढून बादलीत टाकला. शेवंतीच्या अंगावर अंगठ्याच्या नखाएवढी जागा खरवडून पांढरी पडली होती, खवले गेलेले. ती हळूच सरळ झाली, थोडी पोहली आणि पुन्हा कलंडली. कडूबाच्याच हातानं झालं होतं हे. कोणावर ढकलायलाही जागा नव्हती.

त्या संध्याकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नातू झाला होता, बाळ-बाळंतीण खुशाल. कोकिळाबाईच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यानं किती वर्षांत पाहिला नव्हता. बाळ दाखवून झाल्यावर ती म्हणाली, माझ्या मासोळ्या दाखवा. त्यानं फोन झेंडूच्या बाजूनं धरला. शेवंती कुठं, तिनं विचारलं. टाकीतल्या झाडाआड हाय, तो म्हणाला. ती जरा थांबली आणि बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर कडूबा अंगणात इतक्या चकरा मारत राहिला, की शेजारच्या चांगुणाबाईनं भिंतीवरून डोकावून काही हरवलं का म्हणून विचारलं.

सकाळी तो सकरला पिशवीत घालून पैनगंगेच्या पुलावर गेला. रागच तसा होता. पिशवी कठड्यावर ठेवली, रबर काढलं आणि तिथंच थांबला. खाली काठानं बेशरमची झुडपं पसरली होती. कधी काळी कोणी तरी कुंपणाला म्हणून एक काडी लावली असणार. ती काडी पाण्याला लागली आणि पुढं कडूबाची उमर ती झुडपं उपटण्यात गेली. परक्या पाण्यातलं इथल्या पाण्यात टाकलं की काय होतं, हे त्याच्याइतकं मेहकरात कोणाला माहीत असेल? त्यानं रबर पुन्हा लावलं आणि गोकुळकडं गेला.

गोकुळ रागावला नाही, उलट सकर ठेवून घेतला. पण बोलायचं ते बोलला. शेवंतीच्या पाण्यात खडा मीठ टाका, बेतानं, आणि टाकीत हात घालणं बंद करा. तुमच्या घासण्यानंच पाणी बिघडतं. पाण्याला स्वतःला सांभाळायला जरा वेळ द्या, बापू. कडूबानं मान खाली घालून ऐकलं आणि मग पुन्हा तोच प्रश्न, की तळाला कोण? गोकुळनं कपाळावर हात मारला. या मिशावाल्या बारक्या मासोळ्या पाहा, म्हणाला, गरीब आहेत, पण यांनाही ऊन पाणी लागतं, आणि अंगावर काटा असतो. तुमची गोल्डफिश दिसेल ते तोंडात घालणारी, घशात अडकला तर दोघंही जातील. हा लाल शेपटीचा काळा लहानपणी बरा, मोठा झाला की सगळ्यांना पळवतो. तुम्हाला असा मासा लागेल, ज्याला हिवाळ्यातलं गार पाणी चालेल आणि मेहकरचा मे महिनाही चालेल, जो खाली पडलेलं खाईल आणि दुसऱ्याच्या अंगाला लागणार नाही. तसला माझ्या दुकानात नाही. असला तर नदीत असेल.

नदी म्हटल्यावर केसरबाई. आठवडी बाजारात मासे विकणारी, साठीची बाई, तिच्या सासूपासूनचं घराणं पैनगंगेच्या काठचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टोपली झाकत म्हणाली, हाय ना एक. वाळूत राहते. बोटाएवढा, अंगावर ठिपके, तोंडाला बारक्या मिशा. नाव गावोगाव निराळं. जाळ्यात आला तर आम्ही फेकून देतो, त्यात खायला काय असते? थंडीत वाळूत शिरते, उन्हाळ्यात डबक्यात तगते, कोणाच्या वाटेला जात नाही. उद्या सकाळी या.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला कडूबा नदीवर हजर. सोबत बादली, दोरी, दोन जाळ्या, मच्छरदाणीचा तुकडा आणि टॉर्चसुद्धा. केसरबाईच्या हातात फक्त घरची जुनी चाळणी. पौषातली नदी, धार बारकी, पाणी पोटरीएवढं आणि हाडं गोठवणारं. कडूबा पाण्यात शिरला आणि दिसली हालचाल की धावला. वाळू उठली, पाणी गढूळ, मासा गायब. पुन्हा धावला, पुन्हा तेच. अर्धा तास त्यानं अख्खी धार ढवळून काढली. केसरबाई काठावर बसून पाहत होती. शेवटी ती उठली, धोतरासारखं लुगडं वर खोचलं आणि याला दंडाला धरून एका जागी उभं केलं.

"भाऊ, तू त्यायच्या मागं जाऊन राह्यला," ती म्हणाली. "आता उभा राह्य. पाय हालवू नोको. तेच येतील."

किती वेळ, त्यानं विचारलं. येतील तवा येतील, ती म्हणाली.

कडूबा उभा राहिला. पाय वाळूत रुतले. पहिल्या दोन मिनिटांत पोटऱ्यांत मुंग्या आल्या. पाचव्या मिनिटाला वाटलं, आता ओरडावं. डोक्यात सारखं काही ना काही उठत होतं. मीठ जास्त पडलं का? शेवंती कलंडली असेल का? बायको फोनवर जरा थांबली ती का थांबली? ते सगळं उठलं, फिरलं आणि जायला जागा नसल्यामुळं पायाशी येऊन बसलं. पाणी नितळत गेलं. त्याला स्वतःच्या पायाची नखं दिसायला लागली. एकतीस वर्षं पाण्याच्या काठानं चालला तो, पण पाण्याचा तळ त्यानं असा कधी पाहिला नव्हता. कधी थांबलाच नव्हता.

मग वाळू एका जागी हलली. बोटाएवढं काही तरी अर्धं बाहेर आलं, मिशा हलवल्या आणि त्याच्या टाचेशी येऊन वाळू तोंडात घेऊन कल्ल्यातून सोडायला लागलं. मागून दुसरं आलं. टाचेला गुदगुल्या झाल्या, पण कडूबानं पाय हलवला नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. केसरबाईनं चाळणी वाळूला घासत आणली आणि अलगद उचलली. असे चार मासे मिळाले. ऊन डोक्यावर आलं होतं. बाहेर यायला गेला तर पाय इतके बधिर, की तिनं हात दिला. काय द्यायचं, त्यानं विचारलं, तर म्हणाली, बाजारात आला तं सांगजो कसे हायत ते.

गोकुळनं बजावलं होतं, की नदीतला मासा थेट टाकीत नाही, रोगराई असेल तर शेवंती जाईल. तीन आठवडे वेगळं ठेवायचं. एरवी कडूबाला तीन तास निघाले नसते. पण आता त्याला भीती वाटत होती, स्वतःच्या हातांची. म्हणून तो बसला. कपड्यांच्या घड्या दिवाणावर ठेवून दुसऱ्या खुर्चीवर. एका बाजूला प्लास्टिकच्या टबात चार नदीवाले, वर जाळी, समोर टाकीत शेवंती. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसला. मग दहा. पाय वळवळले की टाचा जमिनीला दाबून धरायचा, वाळूत रुतवल्यासारख्या. बसस्टँडच्या चकरा तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. खिडकीतल्या माणसानं एकाला विचारलंसुद्धा, म्हणे कडूबाभाऊंची तब्येत ठीक आहे ना?

शेवंती हळूहळू वर यायला लागली. जखम भरली, पण तिथं खवले आले ते पांढरे. रंगीत खड्यांच्या जागी त्यानं धुतलेली वाळू पसरली आणि तीन आठवड्यांनी चार मासे आत सोडले. सोडताक्षणी ते वाळूत शिरले आणि दिसेनासे झाले. झेंडूनं जाऊन हुंगलं, काही सापडलं नाही, परत आली. दोघींना थंड पाणी, तळाच्यांनाही थंड पाणी. उरलेले दाणे वाळूवर राहिले नाहीत आणि तळाच्यांच्या वाटणीचा घास मात्र त्यानं रोज आठवणीनं टाकला.

सगळं मार्गाला लागलं आणि काजलचा फोन आला. बाबा, माशांची अडचण सुटली, म्हणाली. शेजारी एकांकडे मोठी टाकी रिकामी आहे, ते देतायत. होळीनंतर आई तिकडं येईल, त्यानंतर चार दिवसांनी, रविवारी गाडी पाठवते, सामान आणि मासे घेऊन दोघंही या. ती इतक्या मायेनं बोलत होती, की याला नाही म्हणता येईना. पाहू, म्हणाला. फोन ठेवला आणि टाकीकडं पाहत राहिला. ज्या मासोळ्यांवर त्यानं सगळी भिस्त ठेवली होती, त्याच आता गाडीत बसून निघणार होत्या. उठून कुठं तरी चालत जावं असं फार वाटलं. पण पायच उठले नाहीत.

होळीच्या तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई आली. हातपाय धुतले, चहा ठेवला आणि पहिली टाकीपाशी. शेवंतीचा पांढरा डाग तिनं उभ्या उभ्या पाहिला. मग आपल्या खुर्चीत बसली. कडूबानं दिवाणावरच्या घड्या जरा मागं सारल्या, कारण त्यातली एक खाली पडत होती, आणि दुसऱ्या खुर्चीत तिच्याशेजारी बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. सकर, हीटर, न टाकलेल्या गोळ्या, झाडाआडचं खोटं. त्या दिवशी दाराआड काय ऐकलं तेसुद्धा. आणि माफी मागितली.

ती टाकीकडं वाकली. मग म्हणाली, "तळाले कोण हाय म्हणता? मले तं कोणी दिसत नाही."

"दिसते. जरा दम धर. हालू नोको."

तो बसून राहिला, हात मांडीवर, टाचा जमिनीला. चहावर साय धरली. बाहेर कोणाची तरी गाडी गेली, चांगुणाबाईनं कोणाला तरी हाक मारली, तरी तो हलला नाही. झाडाच्या बुडाशी वाळू हलली, एक मासा अर्धा बाहेर आला, मग दुसरा, मग चारही, आणि शेवंतीच्या खालून आपापले दाणे टिपत फिरायला लागले. आले बघ, कडूबा हळूच म्हणाला. पण कोकिळाबाई टाकीकडं पाहतच नव्हती. ती खाली पाहत होती, त्याच्या पायांकडं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काजल होती. रविवारी गाडी सकाळीच निघेल, मासे पिशवीत घालून तयार ठेव, सांगत होती.

"मासोळ्या नाही आणत, काजल," कोकिळाबाई म्हणाली. "मीबी नाही येत आत्ता. लेकरायले पाह्यले येत जाईन."

का, काय झालं, काजल घाबरली.

"काही नाही झालं. तुहे बाबा बसले हायत."

मग काजलनं विचारलं, बाबांना बरं नाही का?

"बरं हाय त्यायले," कोकिळाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माह्यापाशी बसले हायत. छत्तीस वर्षं वाट पाह्यली म्या, बाई. आता कुठं बसले, तं मी लगेच कशी उठू?"

फोन तिनं बाजूला ठेवला. मग गार झालेला चहा दोन कपांत ओतला आणि एक त्याच्या हातात दिला.